पायाचे माप

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून कोणती अपेक्षा असेल याचा अंदाज आम्हांला होता. संस्थेची वाटचाल, संस्थापकांचा त्याग, पत्र्याच्या शेडमध्ये भरलेला पहिला वर्ग, हे सारे या अंकात इतरांच्या लेखणीतून आलेले असेलच, आणि ते यायलाच हवे. आम्ही मात्र बुटांविषयी लिहिणार आहोत. त्यातही तलवारबाजी या एका खेळाच्या बुटांविषयी. विषय किरकोळ वाटेल. परंतु दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास माजी विद्यार्थ्यांचे फोन येतात. "सर, लेकरांसाठी काहीतरी पाठवायचंय. बूट पाठवू का?" या प्रश्नाचे उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता येत नाही. येथे पाने मिळाली आहेत, तर ते सविस्तर द्यावे म्हणतो.

आमच्या पिढीला आणि नंतरच्या कित्येक तुकड्यांना शाळेचे मैदान आठवते ते कबड्डी, खो-खो आणि लंगडीचे. या खेळांना अनवाणी पाय चालत. तलवारबाजी आपल्याकडे अलीकडे आली. शालेय क्रीडा स्पर्धांत तिचा समावेश आहे. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे आमच्या तोंडी अजून औरंगाबादच्या, भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात तिचे प्रशिक्षण चालते. तेथे घडलेल्या एका तरुण प्रशिक्षकांनी आठवड्यातून तीन दिवस येण्याचे कबूल केले आणि आपल्या सभागृहातील शहाबादी फरशीवर खडूने पट्टे आखले गेले. संघाबरोबर जिल्हा व विभागीय स्पर्धांना जाण्याचे काम आमच्याकडे आले ते तेव्हापासून.

तलवारबाजी म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर पोवाड्यातील ढाल-तलवार उभी राहते. हा खेळ युरोपात घडलेला. त्यात फॉईल, इपी आणि सेबर अशी तीन शस्त्रे असतात. फॉईलमध्ये धडावर लागलेले टोकच धरतात, सेबरमध्ये कमरेच्या वरचा भाग चालतो, आणि इपीमध्ये डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत कोठेही टोक लागले तरी गुण मिळतो. बुटावर लागले तरी मिळतो. सामना १४ मीटर लांब आणि जेमतेम दीड-दोन मीटर रुंद पट्ट्यावर होतो. मागची शेवटची रेषा दोन्ही पायांनी ओलांडली की प्रतिस्पर्ध्याला गुण. सामन्यापूर्वी आणि सामन्यानंतर प्रतिस्पर्ध्याला, पंचांना आणि प्रेक्षकांना अभिवादन करावे लागते. ते टाळणाऱ्यास नियमाने शिक्षा आहे. समोरच्याने आपल्याला अभिवादन केलेच पाहिजे, असा लेखी नियम असलेला हा खेळ आमच्या मुलांना का आवडला असावा, याविषयी आमचा एक तर्क आहे. तो सुज्ञ वाचकांनीच ओळखावा.

मुलींच्या खोलीत सावित्रीमाईंच्या शेजारी चेन्नईच्या भवानी देवी यांचे छायाचित्र लावलेले आहे. त्यांनी २००४ साली शाळेत असताना हा खेळ धरला. तलवारी महाग असल्याने सुरुवातीचा सराव बांबूच्या काठीने केला. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीत उतरलेल्या त्या पहिल्या भारतीय. आमच्याकडेही सहावी-सातवीची मुले पहिले वर्षभर काठीच हाती धरतात, आणि त्यात काही बिघडत नाही. तलवारीच्या जागी काठी चालते. पायांची गोष्ट वेगळी आहे, कारण पहिल्या दिवसापासून पाय खराखुराच खेळ खेळत असतो.

तो काय करतो ते पाहावे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा पाय पुढे असतो, बोटे प्रतिस्पर्ध्याकडे. डावा पाय मागे, पुढच्या पायाशी काटकोन करून, बोटे बाजूला. दोन्ही टाचा एका रेषेत आणि गुडघे वाकलेले. पुढे सरकायचे तर पुढच्या पायाची बोटे आधी उचलतात आणि टाच आधी टेकते. मग येते झेप, जिला मुले 'लंज' म्हणतात. मागचा पाय ताठ होऊन शरीर ढकलतो, पुढचा पाय जमिनीला जवळजवळ चाटत जातो आणि टाचेवर उतरतो. साऱ्या शरीराचे वजन वेगासकट त्या एका टाचेवर येते. त्याच क्षणी मागचा पाय आतल्या कडेवर कलंडतो आणि फरशीवर घासत थोडा पुढे ओढला जातो. एका सरावात मुले अशा शेकडो झेपा घेतात. डावखुऱ्या मुलाचे सारे उलट.

म्हणजे जोडी एक, पण दोन बुटांची कामे दोन. पुढच्या बुटाने टाचेखाली धक्का सोसावा. त्याची टाच मागून थोडी गोलसर असली तर पाय टेकताना अडखळत नाही. मागच्या बुटाने अंगठ्याच्या बाजूची कड घासू द्यावी आणि फाटू नये. दोन्ही बुटांचा तळ बसका आणि सपाट असावा, म्हणजे पायाला जमीन कळते. टाच मागून घट्ट धरलेली हवी. चवड्याला रुंदी हवी. पाय आत कोठेही सरकू नये. तलवारबाजीचे खास बूट असेच बनवितात. आदिदास कंपनीने आपल्या अशा एका बुटाला 'थ्री मस्केटिअर्स'मधील डार्टाग्ननचे नाव दिले आहे. आपल्याकडे ते परदेशातून मागवावे लागतात, आणि त्यांच्या किमतीत वसतिगृहातील एका मुलाचा कित्येक महिन्यांचा किराणा येतो. त्यांची चर्चा येथेच थांबविलेली बरी.

आता दानाविषयी. काही वर्षांपूर्वी एका हितचिंतक संस्थेने वसतिगृहाला धावण्याच्या बुटांचे साठ जोड दिले. खोकी रंगीत, बूट भडक आणि देखणे, क्रमांक मात्र दोनच: पाच आणि सात. देणाऱ्यांची भावना चांगली होती, याविषयी आमच्या मनात शंका नाही. तलवार हाती घेतलेल्या मुलांनी ते बूट घालून छायाचित्र काढावे, अशी त्यांची इच्छा होती. तेवढे छायाचित्र झाले. प्रशिक्षकांनी त्याच संध्याकाळी मुलांना बजावले की सकाळी पळायला हे बूट उत्तम आहेत, पट्ट्यावर मात्र आणायचे नाहीत. धावणारा माणूस सरळ पुढे जातो, म्हणून त्या बुटाची टाच उंच असते आणि तळाला फेसाची जाड गादी असते. झेप घेताना ती उंच टाच आधी अडते. बाजूला रोख बदलताना तोच जाड तळ तरफेसारखा काम करतो आणि घोटा मुरगळतो.

आठवीतील एका मुलीने ते तरीही घातले. तेराव्या वर्षी पायांत पहिल्यांदा कोरा बूट आला तर तो खोक्यात ठेववत नाही. पाय चार क्रमांकाचा, बूट पाच क्रमांकाचा. तिने आत दोन जोडी मोजे भरले. चौथ्या दिवशी मागच्या पायाचा घोटा वळला. तीन आठवडे पाय बांधून होता आणि जिल्हा स्पर्धा गेली. १४ वर्षांखालील गटातील तिचे ते शेवटचे वर्ष होते. ज्यांना यात काय मोठे गेले असे वाटेल, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की आपल्या राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, आणि या साऱ्या वाटा जिल्हा स्पर्धेच्या दारातून पुढे जातात.

त्या दिवसांत काही वडीलधाऱ्यांकडून आम्हांला ऐकावे लागले की पाय दुखायचाच, सोसायला शिकले पाहिजे, आम्ही काट्याकुट्यांतून शाळेत गेलो. हे बोलणारे खोटे बोलत नव्हते. त्यांना आम्ही सोणाची गोष्ट सांगितली.

वीणेच्या तारेचा दृष्टान्त ठाऊक नाही असे मूल आपल्या शाळेत सापडणार नाही. तार फार ताणू नये, फार सैल सोडू नये. परिपाठात वर्षातून चार वेळा तरी तो येतो. तो ज्या भिक्खूला सांगितला गेला त्या सोण कोळिविसाची कथा विनयपिटकाच्या महावग्गात आहे, आणि ते प्रकरण कातड्याचे व पायताणांचे आहे, ही गोष्ट मात्र परिपाठात राहून जाते. चंपानगरीच्या धनिकाचा हा मुलगा इतका सुकुमार होता की त्याच्या तळपायांवर लव होती. भिक्खू झाल्यावर शीतवनात चंक्रमण करता करता त्याचे पाय फुटले आणि चालण्याची वाट रक्ताने माखली. तथागतांनी ती वाट पाहिली, विचारपूस केली, आणि मग वीणेची गोष्ट काढली. पुढे त्यांनी सोणाला एकपदरी तळाच्या वहाणा वापरण्याची अनुज्ञा दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेतली नाही. संघाला मिळाली तर मीही वापरीन, असे तो म्हणाला. तेव्हा ती साऱ्या संघाला मिळाली.

त्याच प्रकरणाच्या शेवटाकडे दुसरा एक सोण येतो, सोण कुटिकण्ण. तो अवंती-दक्षिणापथातून महाकच्चायनांची विनंती घेऊन आला आहे. तिकडची जमीन वरून काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी तुडवून खडबडीत झालेली आहे, असे तो सांगतो. त्यावर तथागतांनी अशा सीमाप्रदेशांसाठी अनेकपदरी तळाच्या वहाणांना परवानगी दिली. मराठवाड्याच्या काळ्या रानात फेब्रुवारी महिन्यात अनवाणी चाललेल्या माणसाला त्या वर्णनाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांला त्या निर्णयाचे विशेष वाटते ते असे की नियम एकच ठेवण्याचा हट्ट त्यात नाही. जमीन कशी आहे हे आधी विचारले गेले, आणि तळ कसा असावा हे त्यावरून ठरले.

आपली जमीन म्हणजे शहाबादी फरशी: कठीण, गुळगुळीत आणि धूळ बसली की निसरडी. मोठ्या स्पर्धांत पट्टा धातूचा असतो, कारण जमिनीला लागलेले टोक यंत्राने गुण म्हणून नोंदवू नये. तोही धुळीने निसरतो. दोन्ही ठिकाणी कडक प्लास्टिकचा तळ घसरतो. मऊ, चिवट, फिकट तपकिरी रबराचा तळ धरून राहतो. बॅडमिंटनच्या बुटांना तो असतो. सभागृहात खेळायच्या व्हॉलीबॉलच्या बुटांनाही असतो. हे खेळ आडव्या-तिरप्या हालचालींचे असल्याने त्यांच्या बुटांची बाजू भक्कम असते आणि टाच फारशी उंच नसते. दीड-दोन हजार रुपयांत चांगला जोड मिळतो. आमचा कौल यालाच आहे.

कवायतीचे पांढरे कॅनव्हासचे बूट मात्र आम्ही पूर्णपणे निकालात काढणार नाही. स्वस्त आहेत, तळ सपाट आहे, आणि पहिल्या सहा महिन्यांत मूल फक्त पाय टाकायला शिकते तेव्हा ते पुरतात. झेपा सुरू झाल्या की त्यांचे दोष दिसतात. टाचेखाली काहीच नसल्याने पुढच्या पायाची टाच ठणकते, आणि मागच्या बुटाचे कापड महिनाभरात अंगठ्यापाशी फाटते. दुकानदार कधी कधी फुटबॉलचे खिळ्यांचे बूट पुढे करतात. ते फरशीवर आणायचेच नाहीत.

बॅडमिंटनच्या बुटातही एक उणीव राहते: मागच्या पायाची आतली कड. तिचा उपाय आम्हांला बसस्थानकासमोर बसणाऱ्या एका चर्मकार कारागिरांकडे मिळाला. तिघांचे फाटलेले बूट घेऊन आम्ही गेलो होतो. त्यांनी एकेक जोड हातात घेऊन उलटा केला, तळावरून अंगठा फिरविला आणि विचारले, "पोरं एक पाय ओढत चालतात का, सर?" खेळ सांगितला. तलवारबाजीचे नाव त्यांनी प्रथमच ऐकले होते. मग तिसरा जोड उचलून ते म्हणाले, "हे पोरगं डावखुरं दिसतंय. ह्याचा उजवा घासलाय." ते खरे होते. मागच्या बुटाच्या आतल्या कडेला, अंगठ्यापासून चवड्याच्या फुगवट्यापर्यंत, त्यांनी पातळ कातड्याची पट्टी आधी चिकटविली आणि मग दुहेरी दोऱ्याने शिवली. कड तळाशी इतकी मिळवून घेतली की झेपेत ती कोठे अडू नये. पुढच्या बुटात टाचेखाली बसेल अशी रबराची गादी कापून दिली. तो जोड आणखी आठ महिने चालला. जातीच्या उतरंडीने त्यांच्या आणि आमच्या वाडवडिलांना एकमेकांच्या पंगतीला बसू दिले नव्हते. आता दर दोन-तीन महिन्यांनी आम्ही पिशवी घेऊन त्यांच्याकडे जातो, चहा होतो आणि ते मुलांच्या चालीविषयी बोलतात. कोणाची झेप सुधारली हे त्यांना तळावरून कळते.

बुटाचा प्रकार ठरला तरी खरे काम उरतेच, ते मापाचे. इंग्रजी पद्धतीत बुटाचा एक क्रमांक म्हणजे एक तृतीयांश इंच. ही लांबी जवाच्या दाण्यावरून आलेली. युरोपात क्रमांकाचे अंतर दोन तृतीयांश सेंटिमीटर आहे, आणि प्रत्येक कंपनीचा साचा पुन्हा वेगळा. त्यामुळे मुलाचा क्रमांक विचारून उपयोग नसतो. त्यातही आपली बरीच मुले वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत अनवाणी किंवा स्लिपरमध्ये वाढलेली. त्यांचा चवडा पसरलेला असतो, बोटे मोकळी असतात. लांबीला बसणारा बूट रुंदीला चिमटतो. मग दुकानदार एक क्रमांक मोठा देतो, रुंदी जमते आणि टाच मागे खुळखुळते. अशा पायाला रुंद चवड्याचा बूट शोधावा लागतो. तो मिळेपर्यंत दोन-चार दुकाने फिरण्याची तयारी ठेवावी.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. स्पर्धेत घालायचे गुडघ्यापर्यंतचे जाड मोजे चढवूनच घ्यावे. मूल कागदावर दोन्ही पायांवर सारखे वजन देऊन उभे राहावे आणि पेन्सिल उभी धरून दुसऱ्याने कड काढावी. बसून, स्वतः वाकून काढलेली कड लहान येते. दोन्ही पाय मोजावेत. ते क्वचितच सारखे असतात आणि बूट मोठ्या पायाला घ्यायचा असतो. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा ठेवावी. बूट घालून दुकानातच पाच-सहा झेपा घ्यायला लावाव्यात. आमच्या मुलांनी एका दुकानात त्या घेतल्या तेव्हा मालकांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, आणि नंतर शेजारच्या दुकानदाराला पाहायला बोलाविले.

घोटा मुरगळलेल्या त्याच मुलीसाठी पुढे बूट घ्यायचे ठरले तेव्हा तिची आई कारखान्याच्या तोडीला निघण्यापूर्वी भेटायला आली होती. तिने आमचे सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "सर, एक नंबर मोठाच घ्या. लेकरू वाढतंय. दोन वर्सं तरी निघतील."

आम्ही म्हणालो, "ताई, मोठ्या बुटात पाय आत पुढे सरकतो. तिचा घोटा तसाच गेला."

"ते कळतंय मला. पण सहा महिन्यांनी दुसरा कोण घेईल?"

यात अडाणीपणा कोठेही नाही. गरीब घरात सदरा, दप्तर, बूट सारे वाढत्या अंगाचे घेतात, आणि मूल त्या वस्तूच्या मापाचे होईपर्यंत वस्तू झिजून गेलेली असते. तिच्या प्रश्नाला आमच्याजवळ त्या क्षणी उत्तर नव्हते. संस्थेच्या पुढच्या बैठकीत आम्ही तो प्रश्न तिच्याच शब्दांत मांडला.

आमचे आजोबा सांगत की गावच्या वरच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. लग्नात वराच्या पायांतील नव्या जोड्यावरून गावात तंटा झाल्याच्या हकिकती आमच्या लहानपणीही ऐकायला मिळत. वर्गात आम्ही 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या बाबासाहेबांच्या आत्मकथनपर लेखनातील पहिला प्रसंग शिकवितो. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघालेल्या लहान भीमरावाच्या आणि सोबतच्या मुलांच्या अंगावर नवे सदरे होते, डोक्यावर चमकदार टोप्या होत्या, रेशीमकाठी धोतरे होती आणि पायांत नवे बूट होते. मसूर स्थानकावर स्टेशनमास्तरांनी त्या पोशाखावरून मुलांना ब्राह्मणांची समजले. जात कळल्यावर त्यांचा चेहरा पालटला. बैलगाडीसाठी दुप्पट भाडे कबूल करूनही मुलांनाच गाडी हाकावी लागली, आणि त्या रात्री त्यांना प्यायला पाणी मिळाले नाही. आमचे विद्यार्थी पाण्यापाशी थांबतात, आणि ते स्वाभाविक आहे. आम्ही त्यांना थोडे मागे, बुटांपाशी आणतो. ते बूट त्या प्रवासासाठी मुद्दाम मागविलेले होते. सुभेदार रामजींच्या घरात मुलांच्या पायांसाठी खर्च करावा असे ठरले होते, आणि मसूरच्या फलाटावर जे घडले त्यामुळे तो निर्णय चुकीचा ठरत नाही.

बैठकीत सारे सहज मान्य झाले असे नाही. एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे होते की औषधांची उधारी असताना बारा मुलांच्या पायांत दीड-दोन हजारांचे बूट घालणे इतर अडीचशे मुलांवर अन्याय आहे. आक्षेप रास्त होता. एकट्यासाठी सवलत न घेणारा सोणही, आमची त्याच्यावर कितीही श्रद्धा असली तरी, त्या दिवशी त्यांच्याच बाजूने बोलला असता. आम्ही एवढेच म्हणालो की मापे सर्वांचीच घेऊ. कोणाला कोणता बूट हवा हे मापानंतर ठरेल. बहुतेकांना कवायतीचेच बूट लागतील, पण तेही त्यांच्या पायांचे असतील. तडजोड अशी झाली की वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये, सर्व मुलांची मापे घ्यावीत आणि तलवारबाजीच्या बुटांसाठी वेगळा निधी जमवावा. जूनचा खर्च आजवर निघत आला आहे. डिसेंबरचा दरवेळी निघाला असे नाही.

वापरलेले बूट पुढच्या मुलाला द्यावेत की नाही, हेही आम्हांला विचारले जाते. तथागतांनी भिक्खूंना इतरांनी वापरून दिलेल्या अनेकपदरी वहाणा घेऊ दिल्या होत्या, तेव्हा वापरलेल्या वस्तूचा विटाळ मानण्याचे कारण नाही. मात्र आधी तळ पाहावा. उजव्या हाताच्या खेळाडूचा जोड उजव्या हाताच्याच मुलाला जावा, डावखुऱ्याचा डावखुऱ्याला. पुढच्या बुटाची टाच एका अंगाला झिजली असेल तर तो जोड कोणालाच देऊ नये. त्यात उभे राहणाऱ्याचा गुडघा पहिल्याच्या सवयीने वळतो. पाय वाढल्यामुळे चार महिन्यांतच लहान झालेला जोड असेल, तर तो अवश्य द्यावा.

म्हणून फोन करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे आहे की बूट पाठवू नका. पैसे पाठविणे सोयीचे असेल तर कार्यालयातून बूट निधीची वेगळी पावती मिळते, ती मागून घ्या. त्याहून बरे म्हणजे माप घेण्याच्या दिवशी या. अडीचशेवर मुलांचे दोन-दोन पाय आणि पेन्सिल उभी धरता येणारे आम्ही सहा-सात जण, त्यामुळे रात्रीचे जेवण नेहमी उशिरा होते. मापांची वही १ आणि २ अशा दोन भागांत कार्यालयात ठेवलेली आहे. प्रत्येक मुलाचे पान वेगळे असून जुन्या कडेवरच नवी कड दुसऱ्या रंगाने काढतात. त्या मुलीच्या पानावर आता चार रंग झाले आहेत. ती दहावीत आहे, १७ वर्षांखालील गटात इपी खेळते, आणि डिसेंबरच्या मापात तिचा डावा पाय उजव्यापेक्षा चार मिलिमीटरने मोठा निघाला. तिच्या आईने तोडीवरून फोन करून तो आकडा विचारून घेतला.

येत्या जूनच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी साडेपाचपासून सभागृहात मापे घेतली जातील. येताना एक लांब पट्टी आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली आणाव्यात.